सेतुमाधवरावांचा हातचा

कागदावर छापलेली बेरीज दिसली की सेतुमाधवराव आधी तिच्यावर डाव्या हाताचा पंजा ठेवत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वाऱ्याने उडू नये म्हणून कागद धरलाय. पण पंखा बंद होता. वरचे आकडे त्यांनी एकेक करून पुटपुटत वाचले, शेजारच्या चिठोऱ्यावर उतरवून घेतले आणि खालची बेरीज न बघताच कागद पालथा घातला.

"बेरीज नाही बघायची?" मी विचारलं.

"पाहूं नये, बाई," ते म्हणाले. "उत्तर आधीं दिसलें म्हणजे डोळा लांच घेतो."

मी कराडची. तंजावरच्या मराठ्यांचे मोडी कागद वाचायला म्हणून या बाजूला आले आणि नोकरी मिळाली म्हणून राहिले. कुंभकोणमहून मयिलाडुतुरैच्या रस्त्याने निघालं, की तिरुभुवनम् ओलांडल्यावर आमचं कॉलेज लागतं. खाजगी आहे, आणि स्वतःला 'लिबरल आर्ट्स' म्हणवतं. म्हणजे इथे गणिताच्या मुलांना थोडं संगीत शिकावं लागतं आणि माझ्या इतिहासाच्या मुलांना थोडं संख्याशास्त्र. दोन्हीकडची मुलं सारखीच कुरकुरतात. दरवर्षी दहा मुलांना निव्वळ गुणवत्तेवर शिष्यवृत्ती मिळते. तीन वर्षं फी नाही, वसतिगृह फुकट, पुस्तकंही मिळतात. घरची परिस्थिती विचारत नाहीत, जात विचारत नाहीत, फक्त गुण बघतात. या शिष्यवृत्तीच्या समितीवर मला घेतलं, आणि समितीच्या कचेरीत सेतुमाधवराव होते.

राव म्हणजे इथलेच. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात कधीतरी इकडे आले आणि मग कोणी परत गेलं नाही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. तीस वर्षं त्यांनी गावातल्या एका शाळेत गणित शिकवलं, तिथून निवृत्त झाले आणि आमच्याकडे वर्षाच्या करारावर आले. करार दर मार्चमध्ये संपतो, म्हणून दर मार्चमध्ये त्यांचा निरोप समारंभ व्हायचा. शाल, हार, प्राचार्यांचं भाषण. मग जून उजाडला की कॉलेजच्या लक्षात यायचं, अर्ज कोण तपासणार? की राव परत. मी आले तेव्हा त्यांच्याकडे अशा चार शाली जमल्या होत्या. "आणिक एक जाहली म्हणजे गादी भरीन," असं ते गंभीरपणे म्हणायचे.

कमरेला पांढरी वेष्टी, लांब बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं आणि कानावर पेन्सिल. सगळं कॉलेज त्यांना 'राव सार' म्हणायचं. मी मराठी आहे हे कळल्यावर ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बैसूं काय?" मी हो म्हटल्यावर बसले, पाच मिनिटं माझं बोलणं ऐकलं आणि निकाल दिला, "तुमच्या देशीं मराठी फार बिघडली, बाई. तुम्ही खूप हिंदी बोलतां."

मी काही हिंदी बोलले नव्हते. पण त्यांच्या घरी तीनशे वर्षांपूर्वीची मराठी डब्यात घालून ठेवल्यासारखी टिकली होती, वर तमिळचा मसाला पडला होता, आणि त्या चवीला माझी भाषा आळणी लागत होती. शिष्यवृत्ती हा शब्द त्यांना पटायचाच नाही. ते 'वर्षासन' म्हणायचे. विद्वानाला राजाकडून दरसाल मिळायचं ते वर्षासन. हा शब्द मी फक्त मोडी कागदांत वाचला होता. इथे एक माणूस तो नोटिसबोर्डाकडे बोट दाखवून सहज वापरत होता: "वर्षासनाचे अर्ज सोमवारपर्यंत, बाई." त्यांच्या बोलण्यात 'फ' आणि 'प' एकाच घरात राहायचे आणि कोण कुठे बसेल याचा नेम नसायचा, एवढं सोडलं तर मला एक जिवंत दफ्तरच मिळालं होतं.

रोज चार वाजता ते दोन टंबलर कॉफी घेऊन यायचे. एक माझ्यासमोर ठेवायचे आणि एखादा शब्द विचारायचे. "तुमच्या देशीं 'सोय' म्हणतात काय? 'खोली' म्हणतात काय?" मी उत्तर दिलं, की मान हलवून 'सरी' म्हणायचे, म्हणजे ठीक आहे. तो 'सरी' कधी मान्यतेचा असायचा, कधी कीव केल्याचा.

प्रवेशाच्या दिवसांत पालकांना भेटायची जबाबदारी प्रवेश विभागाची. पण रांग वाढली की राव मदतीला धावत, आणि प्रवेश विभागाच्या अंगावर काटा येई. एकदा एका बापाने विचारलं, "इथे शिकून मुलगा इंजिनियर होईल का?"

"नाही," राव म्हणाले.

"मग डॉक्टर?"

"नाही."

"मग काय होईल?"

रावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "ते तीन वर्षांनी त्यालाच विचारा. आत्ता त्यालाही ठाऊक नसेल."

तो बाप निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन आला. प्रवेश विभागाला याचं कोडं अजून सुटलेलं नाही.

गुणांच्या बाबतीत मात्र राव गंमत चालू द्यायचे नाहीत. शिष्यवृत्तीचा अर्ज करायला बारावीला पंचाण्णव टक्के लागतात. एका वर्षी संस्थेच्या करस्पाँडंटांच्या ओळखीतला एक मुलगा आला. करस्पाँडंट म्हणजे संस्थेचे कारभारी. इकडे खाजगी कॉलेजात प्राचार्यांच्याही वर त्यांचा शब्द चालतो. मुलाला चौऱ्याण्णव पूर्णांक शहाण्णव शतांश होते. करस्पाँडंट फोनवर म्हणाले, "पंचाण्णवच धरा, राव सार. फरक किती आहे?"

"चार शतांश आहे, सार," राव म्हणाले. "मी धरलं असतं. पण मग त्याच्या खालच्यालाही धरावं लागेल, आणि त्याच्याही खालच्याला. मग थांबायचं कुठे ते तुम्ही लिहून द्या."

करस्पाँडंटांनी लिहून दिलं नाही. त्या मुलाने फी भरून प्रवेश घेतला. हुशार निघाला, आणि पुढे रावांना नमस्कार केल्याशिवाय कचेरीवरून जायचा नाही.

आमची निवड तीन गोष्टींवर व्हायची: बारावीचे गुण, मुलाखत आणि निबंध. निबंध तीन शिक्षक वेगवेगळे तपासायचे. प्रत्येकाकडे वीस गुण. तिघांच्या चिठ्ठ्या बंद पाकिटात रावांकडे यायच्या. ते तिन्ही गुण मुलाच्या नावाच्या एका चिठ्ठीवर मांडायचे, खाली बेरीज लिहायचे आणि मग तो आकडा संगणकात जायचा. ही बेरीज ते कचेरीत कधी करत नसत. सगळे आकडे नावाशिवाय एका कागदावर उतरवून कापडी पिशवीत घालून घरी न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बेरजा घेऊन यायचे. मी एकदा म्हटलं, तीन आकड्यांची तर बेरीज आहे, इथेच का नाही करत?

"आंकडा रातभर निजूं द्यावा," ते म्हणाले. "सकाळीं उठून तोच राहिला तर खरा."

संगणकावर बसणारी सेल्वी रोज सकाळी त्यांना विचारायची, "राव सार, आकडे उठले का?" राव शांतपणे कागद पुढे करायचे. "उठले. दात घासले. घे."

या सगळ्याला आम्ही हसायचो. पण मी समितीवर आल्यापासून शिष्यवृत्तीच्या यादीत कधी एक चूक निघाली नव्हती. म्हणून हसणं जपून असायचं.

गेल्या वर्षी यादी लागली. दहा नावं. आठवड्याभराने वर्ग सुरू झाले. मी तास संपवून टेबलाशी आले तर राव आधीच उभे होते. सकाळचे अकरा वाजले होते, हातात कॉफी नव्हती.

"बाई," ते म्हणाले, "चूक जाहली."

यादी लागल्यावर फाइली बांधून ठेवताना ते सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा एकदा चाळायचे. त्या चाळताना चौदाव्या क्रमांकाच्या मुलीची चिठ्ठी हाती आली. तीन परीक्षकांचे गुण होते सतरा, चौदा आणि अठरा. बेरीज लिहिली होती एकोणचाळीस.

मी मनात मांडली. सात नि चार अकरा, नि आठ एकोणीस. नऊ, हातचा एक. एकोणपन्नास.

"हातचा राहिला," राव म्हणाले. त्यांनी पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली. "दहा गुण जास्त धरले तर ती सहावी येते."

आम्ही प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य भले गृहस्थ आहेत, पण प्रवेश संपल्यावर ते आनंदात असतात आणि तो आनंद कोणी मोडू नये असं त्यांना वाटतं. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "मुलीने तक्रार केली आहे का?"

"नाही, सार."

"मग कोणाला ठाऊक आहे?"

"मला," राव म्हणाले.

प्राचार्यांनी समजावून सांगितलं. यादी जाहीर झाली आहे, दहाव्या मुलाने वसतिगृहात खोलीही घेतली आहे, त्याला आता काढायचं का? राव म्हणाले, त्याला मुळीच काढू नये, त्याने काय केलं? अकरा करा. प्राचार्य म्हणाले, अकरा करणं माझ्या हातात नाही, करस्पाँडंटांना विचारावं लागेल, आणि ते या महिन्यात कॉलेजकडे फिरकणार नाहीत. लग्नसराई होती. करस्पाँडंटांचं तिरुभुवनम्‌ला रेशमी साड्यांचं मोठं दुकान आहे.

दुसऱ्या दिवशी राव त्या दुकानात गेले. मी माझा तास दुसऱ्याला देऊन सोबत गेले, कारण त्यांना एकटं सोडवेना. दुकानात पांढऱ्या गाद्यांवर लग्नघरची माणसं बसली होती. करस्पाँडंट आतल्या खोलीत होते, 'बसा, बोलावतो' असा निरोप आला. राव गादीवर मांडी घालून बसले, फाइल मांडीवर ठेवली. विक्रेत्याला वाटलं, आजोबा नातीच्या लग्नाचं बघायला आलेत. त्याने एक मोरपंखी साडी उलगडली.

"चांगली आहे," राव म्हणाले.

त्याने दुसरी उलगडली. रावांनी तिचीही तारीफ केली. त्यांना खोटं बोलता येत नाही, आणि साड्या खरंच सुंदर होत्या. तासाभरात आमच्यासमोर डोंगर झाला. विक्रेता घामाघूम झाला आणि शेवटी म्हणाला, "सार, कोणता रंग मनात आहे ते तरी सांगा."

"मला एक मुलगी कॉलेजात घालायची आहे," राव म्हणाले.

करस्पाँडंटांनी त्या दिवशी 'बघू' म्हटलं. दुसऱ्या दिवशी राव पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही. विक्रेत्याने आता साड्या दाखवणं सोडलं होतं, तो कॉफी आणून द्यायचा. आल्यागेल्या गिऱ्हाइकाने चौकशी केली, की राव फाइल उघडायचे आणि सतरा, चौदा, अठरा मांडून दाखवायचे. तिसऱ्या दिवशी तिरुविसनल्लूरची एक नवरीची आई साडी बाजूला ठेवून बाहेर आलेल्या करस्पाँडंटांना म्हणाली, "एकोणपन्नासच होतात की हो. मग त्या मुलीचं काय केलंत?"

तेव्हा त्यांनी रावांना आत बोलावलं. या वर्षापुरते अकरा, असं ठरलं. पण चूक कोणाची ते कागदावर यायला हवं. रावांनी तिथेच बसून लिहून दिलं: बेरीज तपासण्याची जबाबदारी माझी होती, मी ती तपासली नाही, चूक माझी. खाली सही केली. एक प्रत त्यांना दिली, एक फाइलला लावली. मला ते वाक्य थोडं विचित्र वाटलं. बेरीज केली असं न लिहिता तपासली नाही असं का लिहिलं? पण तेव्हा मी विचारलं नाही.

आता मुलीला गाठायचं होतं. नाव मलर, गाव चोळपुरम्. फोनवर सांगता आलं असतं, पण राव म्हणाले, चूक फोनवर सांगू नये. आम्ही टाउन बसने गेलो. वडील कुंभकोणममध्ये इलेक्ट्रिशियन, ते कामावर होते. आई घरी होती. मलर आतून आली, ओढणीला बिल्ला लावलेला. गावातल्या एका औषधाच्या दुकानात तिने पंधरा दिवसांपासून बिलं करायचं काम धरलं होतं आणि बाहेरून बी. कॉम. करायचं ठरवलं होतं. ती दुपारच्या पाळीला निघाली होती.

रावांनी तमिळमध्ये सगळं सांगितलं. कुठे आडवळण घेतलं नाही. तुझी बेरीज चुकली, त्यामुळे तुझी शिष्यवृत्ती गेली, आता ती मिळते आहे, येशील का?

आईने पदराने खुर्ची पुसली आणि हात जोडले. मलरने जोडले नाहीत. ती म्हणाली, "आणि ही आत्ताची बेरीज बरोबर आहे कशावरून?"

आई तिला गप्प करायला निघाली. राव मात्र इतके खूश झाले, की त्यांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. "तूच कर."

तिने उभ्याउभ्याच चिठ्ठीवर बेरीज केली. "एकोणपन्नास. एकोणचाळीस कशी आली?"

"हातचा धरायचा राहिला."

"आमच्या शाळेत हातचा विसरला, तर बाई उभं करायच्या," मलर म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही, सहज आठवलं तसं म्हटलं.

राव खुर्चीतून उठले आणि उभे राहिले. हात बाजूला, मान थोडी खाली, शाळेत उभं राहतात तसे. मला आधी वाटलं, निघाले. मग कळलं. मलरलाही कळलं आणि तिचा चेहरा उतरला. "बसा सार, मी तसं नाही म्हटलं," ती म्हणाली. पण राव मिनिटभर तसेच उभे राहिले आणि मग बसले. आईने ताक आणलं.

मग मलरने विचारलं, "तुमच्याकडे गणित घेतलं तर संगीत पण शिकावं लागतं म्हणे. मला गाता येत नाही."

"मलाही येत नाही," राव म्हणाले. "ते लोक चालवून घेतात."

सोमवारी ती कॉलेजात आली. दहा दिवस बुडले होते, ते तिने महिन्याभरात भरून काढले. सध्या दुसऱ्या वर्षाला आहे. मृदंग शिकते, कारण त्यात मोजायचं असतं.

ती आली त्याच आठवड्यात रावांनी राजीनामा दिला. मार्च यायला अजून आठ महिने होते, त्यामुळे समारंभ कसा करायचा हेच कोणाला कळेना, आणि तो झालाच नाही. चार वाजता माझं टेबल रिकामं वाटू लागलं. दोन रविवार मी वाट बघितली. तिसऱ्या रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले. प्राचार्यांचाही निरोप होता, की एवढ्याशा चुकीसाठी माणूस घालवायचा नाही, त्यांना घेऊन या.

मी त्यांच्या घरी त्याआधी कधी गेले नव्हते. पितळी भांड्यांच्या एका दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. राव दार उघडायला आले आणि थोडे गडबडले. आत खिडकीजवळच्या खाटेवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या, पांढरे स्वच्छ केस, नाकात मोती. "ही आमची अक्का," ते म्हणाले. "चंपाक्का. मजहून सहा वर्षें वडील."

रावांनी लग्न केलं नव्हतं, एवढं मला ठाऊक होतं. अक्का आहे हे ठाऊक नव्हतं. ते मला गॅलरीत घेऊन गेले. खाली भांड्यांचा ठणठणाट चालला होता. मी म्हटलं, "एक चूक सगळ्यांची होते. परत चला. रात्रभर आकडे निजवू नका, तिथेच बेरीज करा, मी शेजारी बसते."

त्यांनी खाली रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "ती बेरीज मी केली नव्हती, बाई."

मग त्यांनी सांगितलं. अक्का आठवीत होती तेव्हा आई अंथरुणाला खिळली. घरी कोणीतरी हवं होतं. "ती राहिली, मी शाळेस गेलों. वर्गांत पहिली येत होती ती, मी नव्हे." अक्काने घरातून त्यांची गणितं करून दिली. पुढे ते गणितातच पदवीधर झाले, शिक्षक झाले. एकदा उत्तरपत्रिकांचे गुण मिळवायला घरी आणले, तर अक्का शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, तूं वाच, मी करतें. तेव्हापासून चाळीस वर्षं हे चाललं होतं. ते आकडे वाचायचे, अक्का तोंडी बेरीज सांगायची, मराठीत. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन ते गुपचूप स्वतः तपासायचे. कधी फरक पडला नाही. शेवटी त्यांनी तपासणं सोडून दिलं.

"तिची चूक नव्हे," ते म्हणाले. "तिचें वय जाहलें. आतां दिवस विसरते, जेवलें काय तें विसरते. मी तपासावें होतें. मीं लिहून दिलें तें खरेंच दिलें."

"पण आता कळलंय ना," मी म्हटलं. "आता तुम्हीच करा."

"कचेरींत करीन. मग घरीं काय आणूं?"

खाली एकजण पातेलं वाजवून बघत होता.

ते कॉफी करायला आत गेले. मी अक्कांजवळ जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, मी कोण. सांगितल्यावर म्हणाल्या, "कचेरींतल्या काय?" मी हो म्हटलं. मग माझ्या पर्समध्ये तिसऱ्या वर्षाच्या चाचणीचे गुण होते हे मला आठवलं. नावं कडेला होती, ती मी दुमडून घेतली आणि वाचलं, "बारा, नऊ, पंधरा."

अक्का ताठ बसल्या. ओठ हलले, डोळे खिडकीकडे गेले. "सव्वीस," त्या म्हणाल्या.

मी पेन काढलं आणि सव्वीस लिहिलं. पुढचे वाचले. काही बरोबर आले, काही नाही. सगळे लिहिले. पान संपल्यावर त्या समाधानाने मागे रेलल्या आणि स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून माझ्या कानाशी आल्या.

"सेतु बरा आहे हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण बेरीज येत नाहीं त्यास. लहानपणापासून नाहीं. मी आहें तंववर चालतें. कचेरींत कोणास सांगूं नका, पावम, बापडा, लाजेल तो."

राव दोन टंबलर घेऊन दारात आले होते. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी एक कॉफी मला दिली, दुसरी फुंकर घालून अक्काच्या हातात नीट धरवली, आणि तिच्या शेजारी खाटेच्या कडेवर बसले.

"नाहींच येत," ते म्हणाले.